यंत्राचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या समाजात इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जे जीर्ण झाले ते टाकावयाचे नसते, ते उद्धरावयाचे असते, एवढाच त्याचा सरळ अर्थ. शिखराचा चिरा निखळतो, सभामंडपाची तुळई वाकते, गाभाऱ्याच्या दाराची बिजागरी खिळखिळी होते. महाजन एकत्र बसतात, वर्गणी जमते, गवंडी व सुतार येतात आणि देऊळ पुन्हा उभे राहते. कवळ्याची श्रीशांतादुर्गा मूळची केळशीची. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, तिला अंत्रुज महालात यावे लागले आणि आज आपण पाहतो ते देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभे राहिले. त्यानंतरही त्या वास्तूला दुरुस्तीचे हात लागत आलेच. तरी तेथे नवस फेडावयास जाणाऱ्या भाविकाच्या मनात ‘हे देऊळ जुने की नवे’ असा प्रश्न कधी येत नाही. जेथे पूजा अखंड चालते तेथे वास्तूही अखंड मानावी, हे आपल्या पूर्वजांनी कोणत्याही ग्रंथाचा आधार न शोधता ठरवून टाकले होते.

हाच न्याय आपण यंत्रांस का लावीत नाही, हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात बरकतपुऱ्यातील आमच्या घरी पडला. कपाट आवरताना वडिलांचा जुना कॅमेरा हाती आला. ‘झेनिट-ई’ या नावाचा, रशियन बनावटीचा, फिल्म घालून चालविण्याचा; हातात घेताच वरवंट्याची आठवण व्हावी इतका जड. वेग ठरविणारी त्याची चकती बोटाच्या स्पर्शाने डुलत होती. फिल्म पुढे ओढण्याची तरफ खुळखुळत होती. फिल्म परत गुंडाळण्याची घुंडी तर नुसती गरगर फिरत होती. घरातील तरुण मंडळींपैकी एकाने तो शोभेच्या कपाटात ठेवावा असे सुचविले. दुसऱ्याने विकून टाकण्याचा सल्ला दिला. माझ्या मनात मात्र त्या डुलणाऱ्या चकतीने एक जुनी फिर्याद जागी केली.

ती फिर्याद सांगण्यापूर्वी घराची थोडी ओळख द्यावयास हवी. आमचे आजोबा कोकणातून वकिलीसाठी हैदराबादेस आले ते निजामी राजवटीत. त्या वेळी न्यायालयाची भाषा उर्दू होती. कोकणी मुलुखात वाढलेल्या माणसाने ती आत्मसात करून तीत युक्तिवाद करावयाचे, हे आजच्या वकिलास नवल वाटेल. आजी गोव्याकडची. त्यामुळे माजघरात मराठी, चुलीपाशी कोंकणी आणि कचेरीत उर्दू अशी घराची त्रिवेणी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि ओळखीची कित्येक मराठी कुटुंबे औरंगाबादची वाट धरती झाली. आम्ही काचीगुडा व बरकतपुरा यांच्या परिसरातच राहिलो. आजीचे एक वाक्य घरात म्हणीसारखे चाले. छत्रीची काडी असो, विळीचा पाट असो की चष्म्याची दांडी असो, ती म्हणे, “सदळ जालें जाल्यार घट कर, उडोवंक नाका.” सैल झाले तर आवळ, टाकून देऊ नको.

१९९१ साली आजीचे सहस्रचंद्रदर्शन झाले. मी तेव्हा शाळकरी होतो. अंगणात मांडव घातला होता. वडिलांनी छत्तीस चित्रांची एक संपूर्ण फिल्म त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. पूजा, ओवाळणी, नातवंडांच्या रांगेत पाटावर बसलेली आजी, सारे त्यांनी टिपले. आठवड्याने स्टुडिओतून फिल्म धुऊन आली ती जवळजवळ सारी काळीठिक्कर. पहिली काही चित्रे तेवढी शाबूत. ती पहाटेच्या तयारीची. बाकी काही नाही. वडील शांत स्वभावाचे, परंतु त्या दिवशी ते स्टुडिओच्या मालकास भर दुकानात नको ते बोलले. अंधाऱ्या खोलीत फिल्मवर उजेड पडू दिला, निष्काळजीपणा केला, असा त्यांचा आरोप. तो मनुष्य हात जोडून एवढेच म्हणत राहिला की मी काही केलेले नाही. त्या दुकानाची पायरी वडील पुन्हा चढले नाहीत. इतर गिऱ्हाइकांनाही त्यांनी ती हकीकत सांगितली असणार. दोन वर्षांनी आजी गेली. त्या दिवसाचे तिचे एकही चित्र आमच्या घरी नाही.

आता चकती हातात डुलत असताना मला शंका आली. मी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले, चकती १२५ या आकड्यावर आणली, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापुरताच पडदा उघडावा, आणि कळ दाबली. पडदा उघडला तो उघडाच राहिला. बोट उचलले तेव्हा मिटला. ज्यांनी असा कॅमेरा हाताळला आहे त्यांस याचा अर्थ लगेच कळेल. चकतीवर आकड्यांबरोबर ‘बी’ असे एक अक्षर असते. जुन्या काळी छायाचित्रकार रबराचा फुगा दाबून पडदा उघडीत व सोडून मिटवीत. त्या फुग्याच्या इंग्रजी नावाचे हे आद्याक्षर. या खुणेवर बोट दाबलेले असेतो पडदा उघडा राहतो. वर आकडा होता १२५ चा आणि आतील यंत्र बसले होते ‘बी’वर. चकती व तिच्या खालचा दांडा यांची फारकत झाली होती.

या एका गोष्टीने माझी शंका पुरी झाली नाही, कारण कपाटात तीस-पस्तीस वर्षे पडलेल्या यंत्राची आजची अवस्था ही १९९१ च्या घटनेचा पुरावा होत नाही. सुदैवाने वडिलांनी ती काळी फिल्म पाकिटात जपून ठेवली होती. रागाचे कागदही जपून ठेवण्याची सवय वकिलांच्या घरात असते. मी ती खिडकीशी धरून पाहिली. फिल्मच्या दोन्ही कडांस, जेथे दात्यांसाठी भोके असतात, तेथील पट्टी स्वच्छ पारदर्शक होती. कडेला छापलेले क्रमांकही सुवाच्य होते. काळी झाली होती ती केवळ मधली चौकट. अंधाऱ्या खोलीत उजेड लागला असता तर तो चौकट पाहून लागत नाही; कडाही काळवंडल्या असत्या. चौकटीपुरताच प्रकाश शिरण्यास एकच वाट असते, ती म्हणजे कॅमेऱ्याचे भिंग. स्टुडिओचा मालक निर्दोष होता. गुन्हेगार होता चकतीच्या कडेचा, तिळाहूनही लहान असा एक सैल स्क्रू.

हा निष्कर्ष मनास लागून राहिला. एका सैल स्क्रूने आमच्या घरचा एक दिवस पुसला आणि तो स्क्रू कोणी तपासला नाही म्हणून एका निरपराध माणसाच्या पदरी बोल आला. आपण वापरीत असलेले यंत्र आतून कसे चालते हे न जाणण्याची किंमत नेहमी आपणच देतो असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्यास द्यावी लागते. तेव्हापासून छायाचित्रणाच्या इतिहासाकडे मी एका वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. कोणी कोणते चित्र काढले हे तर प्रसिद्धच आहे. ज्या यंत्राने काढले ते त्यांनी आतून किती ओळखले होते, हे मी शोधू लागलो.

आमच्या शहराचेच पाहा. राजा दीनदयाळ हे नाव हैदराबादकरांस नवे नाही. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले, रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकलेले हे गृहस्थ आधी इंदूर येथे नोकरीस होते. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेस चित्रशाळा काढली आणि १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा उघडून ती एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविली. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह पट्ट्यांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. दीनदयाळ मुळात अभियंत्याचे शिक्षण घेतलेले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, चामड्याचा भाता आणि पितळी भिंग. आरंभीच्या छायाचित्रकारांस वेगाची चकती नव्हतीच. भिंगावरचे टोपण हाताने काढावयाचे, मनात मोजावयाचे आणि परत बसवावयाचे. चकती तेथे मनुष्याच्या मनात होती. ती सैल झाली तर दोष कोणाचा हे उघडच असे. पुढे काचेचे व रसायनांचे वेग वाढले, सेकंदाचे भाग मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि ती मोजणी स्प्रिंग व चाके यांच्या स्वाधीन झाली. त्याच दिवशी कॅमेरा बंद पेटी झाला व तो उघडून पाहण्याचे कर्तव्य जन्मास आले.

हे कर्तव्य मराठी माणसाने किती निष्ठेने बजावले याचा इतिहास अभिमानास्पद आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. ती पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, त्यांनी लंडनहून एकवीस गिनींना हलत्या चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा एक सामना चित्रित केला. १९०१ साली रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. यंत्र विकत घेऊन त्याचा धीटपणे उपयोग करणे ही पहिली पायरी. ती सावेदादांनी ओलांडली.

दुसरी पायरी धुंडिराज गोविंद फाळके यांची. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या पुरुषाने आयुष्याची चाळिशी उलटल्यावर विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथे चित्रपट-व्यवसायाच्या एका साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांची भेट घेतली, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत कामाची पद्धत पाहिली, विल्यमसन बनावटीचा लाकडी कॅमेरा घेतला आणि ते परत आले. आल्याबरोबर नाटक उभे केले नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर स्थिर ठेवून, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपीत, त्या अंकुराची वाढ चित्रित केली. ज्यांना घाई असते त्यांस हा खेळ वाटेल. वस्तुतः ती कॅमेऱ्याची कसोटी होती. महिनाभर एकेक चौकट घेताना यंत्र जरा जरी हलले, कोठे जरा जरी सैल असले, तर पडद्यावर अंकुर थरथरल्यावाचून राहत नाही. ती फिल्म पाहूनच छायाचित्र-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी द्रव्यसाहाय्याची तयारी दाखविली. कच्ची फिल्म भोकांविना येत असे. अंधारात बसून तिला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो या अंधारातील कष्टांच्या पायावर. फाळक्यांच्या स्वयंपाकघरातील त्या भोकांचे स्मरण आपण ठेविले पाहिजे. फिल्मची दोन भोके समान अंतरावर नसतील तर सत्यवादी हरिश्चंद्रही पडद्यावर अडखळतो.

तिसरी पायरी कोल्हापूरची, आणि ती सर्वांत उंच आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातील बंधू. रंगभूमीचे पडदे रंगविणे हा त्यांचा व्यवसाय. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र घेतले आणि त्यावर खेळ करता करता स्वतःचा कॅमेरा बनविण्याचे मनावर घेतले. काम पुरे होण्यापूर्वी, १९१६ मध्ये, आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी हार न मानता विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले व १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला; तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. ज्यांनी विलायतेचा किनारा पाहिला नव्हता, ज्यांच्या गावी सूक्ष्म यंत्रांचा कारखाना नव्हता, अशा सुतारकाम व रंगकाम जाणणाऱ्या माणसांनी हे केले. त्यांच्यापाशी एकच विद्या होती: यंत्र उघडावयाचे, प्रत्येक भाग कशासाठी आहे ते समजून घ्यावयाचे, आणि ते तसेच परत जुळवून दाखवावयाचे. दामले पुढे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक आधारस्तंभ झाले आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे, फत्तेलालांबरोबर, दिग्दर्शक. कोल्हापुरात स्क्रू आवळणाऱ्या हातांनीच देहूचा संत पडद्यावर आणला.

वाचक विचारतील की चित्रपटाचा हा इतिहास आणि आमच्या कपाटातील साधा कॅमेरा यांचा संबंध काय. संबंध रक्ताचा आहे. फाळक्यांच्या कॅमेऱ्यात जी पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म फिरली तीच पुढे स्थिर चित्रांच्या कॅमेऱ्यात आली. जर्मनीत ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने चित्रपटाची फिल्म आडवी फिरवून, चित्रपटाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट धरून, खिशात मावेल असा कॅमेरा घडविला. तो ‘लायका’ नावाने १९२५ मध्ये बाजारात आला. त्यानंतर कोल्हापूरसारखीच कथा युक्रेनमधील खारकोव्ह येथे घडली. तेथे अनाथ व भटक्या मुलांसाठी चालविलेल्या एका वसाहतीच्या कारखान्यात लायका उघडून अभ्यासण्यात आला आणि १९३४ पासून तेथे ‘फेड’ नावाचे कॅमेरे होऊ लागले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने त्याच आराखड्यावर १९४८ मध्ये ‘झोर्की’ काढला, त्यात आरसा बसवून १९५२ मध्ये ‘झेनिट’, आणि १९६५ मध्ये ‘झेनिट-ई’. आमच्या कपाटातील कॅमेऱ्याची वंशावळ अशी आहे. पिढ्यान् पिढ्या उघडून, समजून, पुन्हा जुळविलेल्या यंत्राचा तो वंशज. आणि आमच्या घरी मात्र तीन दशकांत त्याचा एक स्क्रूही कोणी तपासला नव्हता.

मी तो घेऊन सुलतान बाजाराकडील एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. घड्याळे दुर्मीळ झाली तेव्हापासून जे येईल ते दुरुस्त करतो असे तो हसत म्हणाला. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलून एका स्क्रूशी झटापट करू लागताच त्याने माझा हात धरला. “वकील साब, ज़ोर नक्को, सबर होना.” दखनीतील हा ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’चाच भाऊ. आजीचा ‘नाका’ आणि त्याचा ‘नक्को’ एकाच अर्थाने माझ्यापुढे उभे राहिले. तेथे बसून तीन संध्याकाळी मी जे शिकलो ते येथे देतो. ज्यांच्या घरी असा जुना कॅमेरा आहे त्यांस ते उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे जागा. ताटात पांढरे फडके पसरून त्यावर काम करावे. निसटलेला स्क्रू फडक्यावर राहतो, फरशीवर हरवतो. काढलेला प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने मांडावा. जोडताना तीच ओळ उलट वाचावयाची. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरले पाहिजे. लहान टोकाने खाच झिजते व मग तो स्क्रू जन्माचा हट्टी होतो. जपानी कॅमेऱ्यांच्या अधिक चिन्हाच्या स्क्रूंची घडण आपल्या नेहमीच्या अधिक चिन्हाहून किंचित वेगळी असते; त्यांस त्यांचेच हत्यार लागते.

फिल्म गुंडाळण्याची घुंडी सैल असेल तर मागचे झाकण उघडून पाहावे. घुंडीच्या दांड्यास आत एक दुबेळके असते, जे फिल्मच्या रिळात अडकते. त्या दुबेळक्यात लाकडाची चीप अडकवून ते स्थिर धरले की बहुतेक कॅमेऱ्यांत वरची घुंडी उलट फिरवून निघते किंवा सुलट फिरवून घट्ट होते. फिल्म ओढण्याची तरफ बहुधा दोन भोके असलेल्या चपट्या कड्याने धरलेली असते. ते कडे दोन टोकांच्या हत्याराने फिरवावयाचे, पकडीने नव्हे. येथे एक सावधगिरी हवी. काही कॅमेऱ्यांत या जागेचे आटे उलटे असतात, कारण तरफ रोज ज्या दिशेने फिरते त्या दिशेने कडे सुटू नये. अशा ठिकाणी जो नेहमीप्रमाणे जोर लावील तो सोडविण्याऐवजी आवळील आणि शेवटी तोडील. सुटत नसेल तर आधी उलट दिशा पारखून पाहावी.

चकतीची गोष्ट सर्वांत नाजूक. तिच्या कडेला बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात. ते आतील दांड्यास घट्ट चिमटून धरतात. झेनिटमध्ये चित्र टिपताना ही चकती स्वतः फिरते, म्हणून प्रत्येक चित्रागणिक त्या स्क्रूंस एक हिसका बसतो. ते सैल झाले की आकडे एकीकडे व यंत्र दुसरीकडे. नुसते आवळून भागत नाही, कारण चुकीच्या जागी आवळले तर चूक कायमची होते. आधी खरे स्थान शोधावे लागते आणि त्यासाठी ‘बी’ हीच खूण कामास येते. मागचे झाकण उघडे ठेवून, यंत्र चढवून, ज्या स्थानी बोट दाबले असता पडदा उघडा राहतो व बोट काढताच मिटतो ते स्थान शोधावे. तेथे चकतीवरील ‘बी’ खुणेसमोर आणावा. मग सर्व स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच स्क्रू पुरता आवळला तर चकती एका अंगास कलते. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेचा सुईएवढा थेंब द्यावा. त्याने स्क्रू हलत नाही आणि पुढे कोणास उघडावयाचा झाल्यास सुटतोही.

तेलाविषयी घड्याळजीची ताकीद कडक होती. शिवणयंत्रास घालतो तसे तेल कॅमेऱ्यात ओतू नये. ते पसरते, पडद्यावर चढते, धूळ धरते आणि यंत्र पूर्वीहून मंद होते. जेथे वंगण हवेच तेथे सुईच्या टोकावर येईल तेवढेच. आणि जे भाग उघडण्याची आवश्यकता नाही ते उघडू नयेत. भिंगाच्या आतील बुरशी, पडद्याच्या स्प्रिंगचा ताण, या गोष्टी जाणकाराच्या हातीच द्याव्यात. आपले सामर्थ्य कोठे संपते हे ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

कॅमेरा चालू झाला. त्यावरचा प्रकाश मोजण्याचा पट्टा वयपरत्वे मालवला होता. तो तसाच ठेविला. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र १६ वर ठेवावे आणि फिल्मच्या संवेदनेचा जो आकडा त्याच्या जवळचा वेग घ्यावा, या जुन्या हिशेबावर एक फिल्म काढली. वडिलांच्या काळी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळे. १९६० मध्ये स्थापन झालेला तो सरकारी कारखाना पुढे बंद पडला, तेव्हा परदेशी फिल्म आणावी लागली. ती धुऊन आली. छत्तीसपैकी बहुतेक चित्रे ठीक उतरली आहेत. एकात आमच्या अंगणातील तुळशीवृंदावन आहे, जेथे १९९१ साली आजीचा पाट मांडला होता. पाट नाही, आजीही नाही. परंतु ऊन तेच आहे आणि ते या वेळी चौकटीत जेवढे हवे तेवढेच शिरले आहे.

आमच्या व्यवसायात वहिवाटीस फार महत्त्व आहे. कागदावर मालकी असून जागेची वहिवाट नसेल तर मालकाचा हक्क दुबळा होत जातो. यंत्राचेही मला तसेच वाटते. पावती हा यंत्राच्या मालकीचा कागद होय. पण यंत्राची वहिवाट म्हणजे ते वापरणे, उघडणे, समजून घेणे व बिघडले असता परत चालते करणे. सावेदादांनी, फाळक्यांनी आणि पेंटर बंधूंनी कॅमेऱ्यावर मराठी माणसाची वहिवाट सिद्ध केली. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्याचे झाकण उघडण्याची सोय बनविणाऱ्याने बहुधा ठेविलेलीच नसते. मालक आपण, वहिवाट त्याची. म्हणून निदान जी जुनी यंत्रे अजून आपणांस आत येऊ देतात ती तरी आपण उघडून पाहावीत, मुलांस दाखवावीत. देवळाच्या जीर्णोद्धारास हातभार लावणे हे आपण पुण्य मानतो. घरातील कपाटात पडलेल्या एखाद्या प्रामाणिक यंत्रास हात लावणे हे त्याच पुण्याचे लहान रूप मानावयास हरकत नसावी.

राहिली ती फिर्याद. मी त्या स्टुडिओच्या जागी जाऊन आलो. तेथे आता दुसरेच दुकान आहे आणि जुन्या मालकाचा ठावठिकाणा शेजाऱ्यांस सांगता आला नाही. वडीलही हयात नाहीत. दोन्ही पक्षकारांच्या अनुपस्थितीत निकाल द्यावा लागत आहे, हे कोणत्याही वकिलास खटकेल. तथापि पुरावा निर्विवाद आहे. फिल्मच्या कडा स्वच्छ आहेत. तो मनुष्य म्हणत होता तेच खरे होते. वडिलांच्या वतीने त्याची क्षमा मागून त्याच्या निर्दोषत्वाची नोंद मी येथे करून ठेवतो. ती काळी फिल्मही, या निकालाचा पुरावा म्हणून, त्याच पाकिटात पुन्हा ठेविली आहे.